सुई टोचल्यास काय करावे, हे रुग्णालयातील कर्मचाऱ्यांना कसे शिकवावे

या प्रशिक्षणात काय सांगायचे हे ठरवण्याआधी कोणाला बोलवायचे ते ठरवावे. डॉक्टर आणि परिचारिकांची यादी आपोआप तयार होते; परंतु वापरलेली सुई चादरीच्या घडीत अडकून धुलाईघरात जाते, किंवा चुकून प्लास्टिक कचऱ्याच्या लाल पिशवीत पडून ती उचलणाऱ्या सफाई कामगाराच्या पोटरीत रुतते, तेव्हा ती वापरणारी व्यक्ती तेथे नसते आणि सुई कोणत्या रुग्णाची हेही कोणाला कळत नाही. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण देणे, तसेच हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे ही रुग्णालयाचीच जबाबदारी आहे. कंत्राटी कामगारांना त्यातून वगळू नये. गोव्यातील वॉर्डांत कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड बोलणारी माणसे एकत्र काम करतात, त्यामुळे नुसता छापील कागद वाटून भागत नाही. जे सांगायचे ते करूनच दाखवावे.

प्रात्यक्षिकाची सुरुवात टोपणापासून करावी. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे ही सर्वांत जुनी आणि सर्वांत हट्टी सवय आहे. ती मोडायची तर सुई टाकण्याचा पांढरा, न टोचला जाणारा डबा रुग्णाच्या खाटेजवळ न्यावा लागतो. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असेल तर माणूस टोपण लावणारच, मग त्याला कितीही बजावा. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करावा, आत हात घालून दाबू नये, आणि धारदार वस्तू हातातून हातात न देता ट्रेमध्ये ठेवून पुढे द्यावी.

धोक्याविषयी बोलताना आकडे स्पष्ट सांगावेत, कारण भीती चुकीच्या जागी बसलेली असते. संसर्गित रक्ताची सुई टोचल्यास एचआयव्ही होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जाते. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. तरीही लोक एचआयव्हीला घाबरतात आणि लशीचा तिसरा डोस विसरतात. हा डोस सहाव्या महिन्यात असतो. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची (लशीमुळे तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांची) पातळी तपासावी. हिपॅटायटिस सीवर लस नाही, मात्र वेळेत निदान झाल्यास तो औषधांनी बरा होतो.

सुई टोचल्यावर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नये. डोळ्यात रक्त उडाल्यास डोळा भरपूर पाण्याने धुवावा. हे सांगायला एक मिनिट लागते. खरा वेळ पुढच्या भागाला द्यावा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा असतो, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, आणि एकदा सुरू केलेले औषध २८ दिवस चालू ठेवावे लागते. काणकोण किंवा वाळपईहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत रस्त्यातच तास-दीड तास जातो, म्हणून पहिला डोस जेथे काम चालते तेथेच ठेवलेला असावा. ज्या रुग्णाची सुई टोचली त्याची तपासणी त्याच्या संमतीने करावी, पण तिच्या निकालासाठी पहिला डोस अडवून ठेवू नये. जखमी कर्मचाऱ्याचे रक्त लगेच तपासावे; एचआयव्हीसाठी पुढे सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी. लस न घेतलेल्याला लशीबरोबर हिपॅटायटिस बीचे इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत मिळावे.

मी पूर्वी काम केलेल्या एका रुग्णालयात सुई टोचल्याचे सांगितले की पहिला प्रश्न येई, "टोपण कशाला लावलेस?" तेथील नोंदवही वर्षभर कोरी राहिली आणि वरिष्ठांना तिचा अभिमान वाटे. मला मात्र कोरी नोंदवही नेहमी संशयास्पद वाटते. घटना कळवणाऱ्याला दोष दिला जाणार नाही आणि त्याच्या तपासणीचा निकाल गोपनीय राहील, हे प्रशिक्षकाने नव्हे, तर वैद्यकीय अधीक्षकाने सर्वांसमोर सांगावे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यानेही ही गोपनीयता बंधनकारक केली आहे.

प्रशिक्षणानंतर महिन्याभरात, पूर्वसूचना न देता, रात्री दोन वाजता एका सफाई कामगाराला विचारावे की आत्ता सुई टोचली तर तो कोणाला फोन करील आणि औषधाचे कपाट कोण उघडील. मग घड्याळ लावून ती गोळी प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजावे.