कोर्टाच्या वह्यांतून माणसाचा माग: व्हर्जिनियातल्या एका काउंटीचा अनुभव

अमेरिकेत येऊन स्थानिक इतिहास आणि वंशावळीचं काम शिकू पाहणारी मराठी मुलं मला भेटतात, तेव्हा सुरुवात कुठून करायची हे विचारतात. माझं सांगणं असतं: एक काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, निवडा आणि तिच्या कोर्टाच्या वह्या धरून बसा. आडनाव मागाहून. ऑनलाइन मिळणारी तयार वंशवृक्षं पुष्कळदा एकमेकांवरून उतरवलेली असतात. त्यातला प्रत्येक सांधा मूळ नोंदीशी ताडून घ्यावा लागतोच.

निवडण्याआधी त्या काउंटीचं दप्तर शिल्लक आहे का, ते बघा. व्हर्जिनियात बऱ्याच काउंट्यांची कागदपत्रं आगीत आणि यादवी युद्धात गेली. काहींनी सुरक्षित राहावीत म्हणून राजधानी रिचमंडला पाठवली होती, तीही एप्रिल १८६५ च्या आगीत जळाली. मी धरली ती नॉर्थॅम्प्टन, चेसापीक उपसागर आणि अटलांटिक यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवरची. तिथली कोर्टाची दप्तरं १६३२ पासून सलग आहेत. अमेरिकेत इतकी जुनी सलग दप्तरं दुसरीकडे नाहीत.

या वह्या काय देतात हे अँथनी जॉन्सनचा माग काढताना कळतं. नवशिक्याने पहिला सराव याच माणसावर करावा, असं मला मनापासून वाटतं. १६२१ मध्ये व्हर्जिनियात आणलेला हा आफ्रिकन माणूस १६२५ च्या शिरगणतीत नुसता ‘अँटोनियो’ आहे, आणि त्याच वस्तीत ‘मेरी’ आहे, त्याची पुढे झालेली बायको. जॉन्सन हे आडनाव नंतर येतं. आडनावावरून शोधणाऱ्याला ही सुरुवातीची वर्षं सापडणारच नाहीत.

१६५१ मध्ये त्याच्या नावावर २५० एकर जमीन होते. हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. त्या काळी वसाहतीत माणूस आणण्याचा खर्च केला की माणशी ५० एकरांचा हक्क मिळे, त्याला हेडराइट म्हणत. म्हणजे २५० एकरांमागे पाच नावं असायला हवीत, आणि सनदेत ती आहेत. मात्र असे हक्क विकलेही जात. त्यामुळे यादीतली माणसं जमीनमालकाची नातेवाईक होती किंवा त्याच वर्षी उतरली, असं परस्पर धरून चालू नका.

पुढे मळ्याला आग लागते. फेब्रुवारी १६५३ मध्ये कोर्ट नुकसान लक्षात घेऊन मेरीला आणि दोन मुलींना हयातभर करातून सूट देतं. कराची एक साधी नोंद, पण दोन मुली होत्या हे आपल्याला तिच्यातूनच कळतं! शिवाय व्हर्जिनियात १६४३ पासून काळ्या बायकांवर डोईपट्टी होती, गोऱ्या बायकांवर तशी नव्हती. हा कायदा माहीत नसेल तर त्या सुटीचं मोल कळत नाही.

तारखांपाशी सावध राहा. १७५२ पर्यंत इंग्रजी अमलात नवं वर्ष २५ मार्चला लागे. जॉन केसर या काळ्या नोकराला जॉन्सनच्या ताब्यात परत देणारा निकाल वहीत ८ मार्च १६५४ चा आहे. आपल्या हिशेबाने ते १६५५. टिपणात दोन्ही वर्षं लिहा, नाहीतर मुलगा बापाच्या लग्नाआधी जन्मलेला दिसायचा.

काउंटीच्या हद्दीही सरकतात. जॉन्सनची जमीन पंगोटीग खाडीवर होती. तेव्हा ती नॉर्थॅम्प्टनमध्ये. १६६३ मध्ये अ‍ॅकोमॅक वेगळी झाल्यावर तिकडे गेली. १६६५ च्या सुमारास हे कुटुंबच उत्तरेला मेरीलँडमध्ये, पुढे सॉमरसेट काउंटी झालेल्या भागात सरकलं. म्हणजे एका घरासाठी तीन काउंट्यांची दप्तरं आणि दोन वसाहती. १६७० मध्ये, जॉन्सन वारल्यावर, व्हर्जिनियातल्या ज्यूरीने तो ‘निग्रो आणि म्हणून परका’ असं ठरवून ती जमीन सरकारजमा केली. हे वाचून मी आजही अस्वस्थ होते. नॉर्थॅम्प्टनच्या वहीत त्याच्या बाजूने दिलेले निकाल आपण वाचलेले असतात. नातवाने १६७७ मध्ये मेरीलँडमध्ये ४४ एकर घेतली आणि नाव ठेवलं अंगोला. मूळ मुलखाचा हा धागा जमिनीच्या नोंदीतूनच मिळतो.

अक्षराला घाबरू नका. सतराव्या शतकातल्या सेक्रेटरी वळणात ‘ई’ उलटा वळतो, ‘एच’ ओळीखाली उतरतो, ‘एस’ लांबट होऊन ‘एफ’सारखा दिसतो. मोडी शिकताना करतो तसंच करायचं: एकाच कारकुनाची पानं सलग वाचायची, त्याचा हात बसतो. छापील उतारे आधाराला घ्या, पण शंका आली की मूळ पान बघा. रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियात मायक्रोफिल्म आहेत, आणि फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर बरंच काही फुकट बघता येतं.

टिपताना साक्षीदार, जामीन, शेजारी सगळे टिपा. नात्याचा पुरावा कितीदा तिथेच असतो. गुलाम केलेल्या माणसांची नावं मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत गुरांच्या नि भांड्यांच्या शेजारी किमतीसह येतात. ती माणसांच्या सूचीत स्वतंत्र घ्या, सोबत मालकाचं नाव, पान आणि तारीख. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या गणनेत बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि रंग आहे. सगळ्यांची नावं येतात ती १८७० मध्ये. तिथून मागे येणाऱ्या वंशजाला या याद्यांवाचून पुढचा दुवा मिळणं फार कठीण आहे.