‘तू नुसते ओठ हलव’ म्हणण्याआधी

संगीत विशारद झाले आणि शाळेत गाणं शिकवायला लागले, तेव्हा वाटलं, आता पेटी समोर घ्यायची आणि शिकवायचं. 35 मिनिटांच्या तासातली दहा पेटी आणण्यात आणि वर्ग बसवण्यातच जातात, हे परीक्षेला कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात आठवीतला एक मुलगा सारखा बेसूर व्हायचा. कार्यक्रम चार दिवसांवर आलेला. म्हटलं, “तू नुसते ओठ हलव.” त्यानं इमानेइतबारे हलवले. गाणं छान झालं म्हणाले सगळे. त्यानंतर माझ्या तासाला त्यानं तोंड उघडलं नाही.

त्याचा आवाज फुटत होता, एवढंच. साधारण 12 ते 14 वर्षांच्या आसपास मुलग्यांचे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज जवळजवळ सप्तकभर उतरतो. मधले काही महिने गळ्यात धड पाच-सहा स्वरच हाताशी असतात. आणि आपण मुलींच्या सोयीची काळी चार ही उंच पट्टी धरून बसतो! पोरगा वरचा, तार सा गाठायला जातो, चिरकतो, वर्ग फिदीफिदी हसतो.

म्हणून जूनमध्येच आठवीचे आवाज ऐकून घ्या. एकेकट्याला उभं करून नाही, चौघाचौघांना. फुटलेल्या आवाजांना पट्टी बदलून द्या, नाहीतर तंबोऱ्यासारखा खालचा सा धरायला सांगा. तेही गाणंच आहे.

एकदा सर्दीत माझाच आवाज वर्गासमोर फाटला. मुलं हसली, मीही हसले, पुन्हा तोच स्वर लावला. मागच्या बाकावरचे दोघे त्या दिवशी पहिल्यांदा गुणगुणले. (बसलेल्या घशानं गाऊ नये, हे मलाही ठाऊक आहे.)

आईवरचं गाणं चालू असताना कुणाचे डोळे भरतात. पेटी थांबवू नका. थांबली की सगळ्या माना तिकडे वळतात. तास संपल्यावर “पेटी ठेवायला चल गं माझ्याबरोबर” म्हणा. जिन्यात मुलं बोलतात. पण ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. घरी मारहाण किंवा त्याहून वाईट काही कळलं, तर मुख्याध्यापकांना त्याच दिवशी सांगायचं. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय मी.

तो मुलगा दहावीला गेला. निरोप समारंभाला विचारलं, “गाशील का रे?”

“नको बाई. मी माइक बघतो.”