मुलांचा पास काढण्याआधी वयाची अट वाचा

पॅरिसच्या ट्रिपसाठी आमच्या एजंटानं चौघांचे म्युझियम पास (एकाच पासात तिथली बरीच संग्रहालयं बघता येतात) हिशोबात धरले होते. रात्री रंकाळ्यावर भेळ खाता खाता सहज मोबाइलवर बघितलं, तर लूव्हर संग्रहालयात १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट! ओर्सेचं संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडाही तसाच. दोन पोरांचे पास तिथल्या तिथं कटाप. तिकीट फुकट असलं तरी लूव्हरची वेळ मात्र पोरांच्याही नावानं आधी बुक करायची आणि वयाच्या पुराव्याला पासपोर्ट जवळ ठेवायचा. आयफेल टॉवर त्या पासात येतच नाही, तिथं ४ वर्षांखालची पोरंच फुकट.

स्वित्झर्लंडला जाणार असाल तर आई किंवा वडिलांच्या स्विस ट्रॅव्हल पासबरोबर 'स्विस फॅमिली कार्ड' मागून घ्या. ते मोफत असतं आणि पालकांसोबत ६ ते १५ वर्षांची मुलं रेल्वे, बस, बोटीनं विनातिकीट फिरतात. पण मागावं लागतं बरं का, न मागता कोण देतंय! लंडनला तर ब्रिटिश म्युझियमचा कायमस्वरूपी संग्रह सगळ्यांनाच फुकट, त्यामुळे तिथल्या पासाची किंमत काढताना तो धरूच नका.