सातवीच्या गणिताचं वर्ष आखताना: आधी पाऊस, मग पूर्णांक

जूनमध्ये शाळा उघडली की वार्षिक नियोजनाचे कोरे तक्ते हातात पडतात. बहुतेक जण गेल्या वर्षीचा तक्ता काढतात, तारखा बदलतात आणि सही करून ऑफिसात देतात. मीही सुरुवातीची सहा-सात वर्षं तेच केलं. ठाणे स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवरच्या एका अनुदानित शाळेत मी सातवीला गणित शिकवते. वर्गात बावन्न मुलं, त्यातली निम्मी कळवा-मुंब्रा-दिव्याकडून येणारी.

एका जुलैत तीन दिवस पाऊस थांबला नाही. लोकल रखडलेल्या, वर्गात एकवीस मुलं. तक्त्यात ‘ऋण गुणिले ऋण’ लिहिलं होतं, म्हणून मी ते शिकवलं आणि पुढे गेले. ऑक्टोबरमध्ये पेपर तपासायला बसले तर −3 − 5 चं उत्तर 8. एका नाही, एकतीस पेपरांत! न आलेल्या मुलांनी मित्राकडून ‘वजा वजा अधिक’ एवढंच ऐकलं होतं आणि ते सगळीकडे चिकटवलं होतं. त्या दिवाळीत मी नियोजन पहिल्यांदा खरोखर बसून केलं. ते कसं, हे इथे लिहिते.

आधी तासिका मोजा, धडे नंतर. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे किमान 220 दिवस शाळा भरायला हवी. रोज गणिताचा एक तास धरला तर 220 तासिका. कागदावर. मी माझ्या तीन वर्षांच्या टाचणवह्या (रोजच्या पाठाच्या नोंदींच्या वह्या) आणि हजेरीपट समोर ठेवून हिशोब केला: परीक्षा आणि पेपर दाखवणं यात 24 गेल्या, क्रीडादिन आणि स्नेहसंमेलनाच्या तालमींत 11, पावसात 6, प्रशिक्षणं आणि बाकीच्या कामांत 9. उरल्या 170. त्यातल्या मी 150 च आखते, वीस हातात ठेवते. तुमच्या शाळेचा आकडा वेगळा असेल, पण तो तुमच्याच वहीतून काढा, अंदाजाने नको.

मग कॅलेंडर. समुद्राला साडेचार मीटरच्या वर भरती येणारे दिवस पावसाळ्याआधीच पेपरात छापून येतात. ते मी निळ्या पेनने गोल करते, कारण त्या दिवशी जोराचा पाऊस आला की पाणी तुंबतं आणि गाड्या अडतात. दुसरी खूण दहीहंडीची. ठाण्यात हे हसण्यावारी नेऊ नका. माझ्या वर्गातली पाच-सहा मुलं दरवर्षी गोविंदा पथकात असतात, रात्री सरावाला जातात आणि सकाळी बाकावर पेंगतात. मग गणपतीची सुट्टी. म्हणजे जुलैचा मध्य ते सप्टेंबर हा सगळा काळ फाटलेल्या गोधडीसारखा.

आता धडे दोन ढिगांत टाका. बालभारतीच्या पुस्तकात पहिल्या सत्रात भौमितिक रचना, पूर्णांक, मसावि-लसावि, कोन, परिमेय संख्या, घातांक, जोडस्तंभालेख आणि बैजिक राशी आहेत. यातले रचना, कोन आणि जोडस्तंभालेख ‘सुटे’. एखादा दिवस बुडला तरी मूल दुसऱ्या दिवशी पुढे चालू करू शकतं. बाकीचे ‘साखळीचे’. पूर्णांक डळमळले की परिमेय संख्या कोसळतात आणि तिथून थेट बैजिक राशींपर्यंत पडझड. सुटे धडे निळ्या गोलांवर ठेवायचे, साखळीचे कोरड्या आठवड्यांत. पुस्तकातला क्रम मोडतो, पण समीकरणं सोडली तर सत्राचा पोर्शन तोच राहतो, त्यामुळे आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एका मिनिटात होकार दिला. जुलैत मुसळधार पावसात एकवीस मुलं खुशाल कंपासने त्रिकोणाचं परिवर्तुळ काढत बसतात.

पहिल्या आठ तासिकांना मी पुस्तक उघडत नाही. पहिल्या दिवशी फळ्यावर हे लिहिते:

8 + 4 = □ + 5

निम्मी मुलं चौकटीत 12 लिहितात, काही 17. सात लिहिणारी हाताच्या बोटांवर मोजावीत. ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं पहिलीपासून डोक्यात बसलेलं असतं. वह्या बघितल्या तर 7 × 3 = 21 + 4 = 25 अशी आगगाडी जागोजागी दिसते. उत्तर बरोबर, लिहिणं चूक, आणि आजवर कोणी लाल खूण केलेली नसते. मी जूनपासून ती करते. मुलांना आधी राग येतो.

याच आठवड्यात ‘कंचेभागुबेव’ची (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) दुरुस्ती. हे पाठ करून आलेल्या मुलाला 10 − 4 + 3 विचारा. तो 3 सांगेल, कारण ‘बे’ आधी, ‘व’ नंतर. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवरची, डावीकडून जी आधी येईल ती आधी, हे त्या घोषवाक्यात कुठेच नाही. उत्तर 9. दोन तासिका याला द्याच. अपूर्णांकांची डागडुजीही इथेच उरकते, त्यावर जास्त लिहीत नाही. प्रत्येकाला आपल्या वर्गाची भोकं माहीत असतात.

पूर्णांकांना चौदा तासिका. पुस्तकाच्या पानांच्या मानाने जास्त वाटतील, पण कमी करू नका. धन आणि ऋण हे शब्द आपल्याकडे आयतेच आहेत, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना ही चैन नाही. ब्रह्मगुप्ताने इ.स. 628 मध्ये नियम मांडले तेही असेच, मालमत्ता आणि कर्ज या शब्दांत. मी वर्गात कॅन्टीनची उधारी वापरते. तीन रुपये देणं होतं, आणखी पाचाचं खाल्लं, किती झालं? आठ देणं. म्हणजे −3 − 5 = −8. इथे कुणी ‘अधिक’ म्हणत नाही. खाली जायला मॉलची लिफ्ट बरी: तळमजला शून्य, पार्किंग −1, −2.

गुणाकाराला मात्र उधारी ओढूनताणून लावावी लागते, म्हणून तिथे फळ्यावर एकाखाली एक लिहिते: 3 × (−2) = −6, 2 × (−2) = −4, 1 × (−2) = −2, 0 × (−2) = 0. आणि खडू खाली ठेवते. पुढची ओळ मुलांनी सांगायची. उत्तरं दोनदोनने वाढतायत हे मागच्या बाकावरूनच आधी येतं, आणि मग (−1) × (−2) = 2 शिवाय इलाज उरत नाही. ‘वजा वजा अधिक’ हे शब्द माझ्या वर्गात बंद आहेत. म्हणायचं असेल तर पूर्ण म्हणा: ‘ऋण गुणिले ऋण, धन’.

बैजिक राशी सप्टेंबरच्या शेवटी येतात. यात एक सापळा आपणच लावतो. 3 आंबे अधिक 2 आंबे म्हणजे 5 आंबे, तसंच 3क + 2क म्हणजे 5क, असं सांगून मोकळे होतो. मुलाला वाटतं अक्षर म्हणजे वस्तू. मग 5व + 2च म्हणजे पाच वडे आणि दोन चहा, त्याची ‘किंमत’ कुठून काढणार? मी सुरुवातीलाच सांगते: व म्हणजे वडापाव नव्हे, वडापावचे रुपये. वडापाव 20 चा, चहा 12 चा, तर 124. उद्या चहा 15 झाला की राशी तीच, उत्तर नवं. भास्कराचार्य अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत, जितकं असेल तितकं. सेमी-इंग्रजीची मुलं ‘एक्स’ म्हणतात. म्हणू द्या.

समीकरणं पुस्तकात या धड्याच्या शेवटी येतात, पण मी ती दिवाळीनंतर नेते, सोळा तासिका देऊन. नोव्हेंबरच्या मध्यापासून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होईपर्यंत सलग आठवडे मिळतात, वर्षातले सगळ्यात चांगले. ते याच्यासाठी राखून ठेवा. साहित्य: कपड्यांचा हँगर, दोन सारख्या पिशव्या, गोट्या, काड्यापेट्या. डाव्या पिशवीत दोन बंद काड्यापेट्या आणि तीन गोट्या, उजवीत अकरा गोट्या. प्रत्येक पेटीत चार गोट्या लपवलेल्या. पहिल्या वर्षी माझा हँगर तिरका झाला आणि वर्ग हसला, कारण पेट्यांचं स्वतःचं वजन मी विसरले होते. उजव्या पिशवीतही दोन रिकाम्या पेट्या टाका. मग दोन्हींकडून तीन गोट्या काढायच्या, मग निम्मं निम्मं. 2क्ष + 3 = 11, 2क्ष = 8, क्ष = 4. पेटी उघडून दाखवली की मुलं टाळ्या वाजवतात.

‘पक्षांतर’ हा शब्द डिसेंबरपर्यंत काढू नका. क्लासमधून काही जण शिकून येतात: पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं. आणि तीच मुलं 2क्ष = 8 वरून क्ष = 8 − 2 लिहितात. त्यांना मी हँगरजवळ उभं करते आणि विचारते, कुठल्या पिशवीतून काय काढलंस?

दुसऱ्या सत्राचं बाकी सोपं आहे. समप्रमाण-व्यस्तप्रमाणाला 12 तासिका. बोरीबंदर-ठाणे 34 किलोमीटर, 1853 ला पहिली गाडी इथवरच आली होती, वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा, हे ठाण्याच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. सरळव्याजाच्या वेळी पालकांचं जुनं पासबुक मागवू नका, एकाने घरची सगळी शिल्लक वर्गात वाचून दाखवली होती. वर्गविस्ताराला (दोन पदांच्या बेरजेचा वर्ग) मात्र अकरा तासिका ठेवा आणि आधी 13 चा वर्ग करून घ्या: 100 + 9 म्हणणाऱ्याला चौकटीच्या कागदावर 13 बाय 13 चा चौरस काढायला लावा, 10 आणि 3 वर रेघा मारा, राहिलेले दोन 30 चे आयत तो स्वतः मोजतो. वर्तुळ आणि सांख्यिकी फेब्रुवारी-मार्चमध्ये पटापट होतात.

हातात ठेवलेल्या वीस तासिकांपैकी दर महिन्याच्या शेवटी दोन मी ‘चुकांच्या वही’साठी वापरते. महिनाभरात पेपरांत, वह्यांत जे सापडलं ते नाव न लिहिता फळ्यावर, आणि चूक कुठे झाली ते वर्गाने शोधायचं. गेल्या जानेवारीत त्यात पुन्हा एकदा −3 − 5 = 8 आलं. लिहिणारा हसत होता, म्हणून कळलं कोण ते. जुलैत तो तीन दिवस आला नव्हता.

तक्ता दोन प्रतींत करा. ऑफिसची पेनाने, आपली पेन्सिलीने. खोडरबर टाचणवहीलाच दोऱ्याने बांधून ठेवा, नाहीतर मुलं पळवतात.