एआयला विचारून मृत्युपत्र करताय? गोव्यात या चुका टाळा

हल्ली म्हापशात काय, मडगावात काय, वकिलाकडे जाण्याआधी लोक मोबाइलवर एआयला विचारून येतात. त्यात वावगे काही नाही. पण आलेले उत्तर तसेच कागदावर उतरवले की घोटाळा होतो, आणि गोव्यात तो जास्तच होतो.

सर्वांत महागात पडते ती वारसाहक्कातली चूक. ‘वडिलांच्या मालमत्तेत आईचा वाटा किती?’ असे विचारले की ही साधने हमखास हिंदू उत्तराधिकार कायदा पुढे करतात. तो गोव्यात लागूच नाही. इथली घडी १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची; तिच्यातले वारशाचे नियम आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आहेत. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. म्हणजे अर्धी मालमत्ता आईची स्वतःचीच. वारशाने वाटली जाते ती उरलेली अर्धी. मुले असतील तर वडिलांना आपल्या वाट्यातलाही अर्धाच भाग मृत्युपत्राने हव्या त्या माणसाला देता येतो. शिवाय साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन इथे भागत नाही, विशेष नोटरीकडे (सरकारने त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जावे लागते. गोवेकराची जमीन राज्याबाहेर असली तरी वारसा इथल्याच कायद्याने ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा प्रश्नातच ‘गोवा’ लिहा, आणि उत्तरात आलेले कलम २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात स्वतः उघडून पाहा. कलमाचा आकडा बरोबर आणि मजकूर भलताच, असेही होते.

वकिलांनीही सावध राहायला हवे. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. निवाड्याची मूळ प्रत न्यायालयाच्या संकेतस्थळावर सापडली नाही, तर तो अर्जात घालू नका.

मोबाइलच्या भरवशावर होणारी दुसरी नेहमीची चूक म्हणजे व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट छापून पुरावा म्हणून देणे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे ओळखण्याचा तिचा सांकेतिक क्रमांकही, नोंदवायची. त्यामुळे वाद उभा राहताच मूळ फोन जपून ठेवा. तो विकणे, फॉरमॅट करणे, संदेश पुसणे, सगळे टाळा.

अशिलाची कागदपत्रे फुकटच्या ॲपवर चढवू नका. ती कुठे साठतात यावर आपला ताबा राहत नाही.

जुन्या पोर्तुगीज दस्ताचा फोटो देऊन भाषांतर मिळते, पण हस्ताक्षरातली नावे, आकडे आणि चतुःसीमा हमखास चुकतात. गोव्यात बनावट दस्तांनी जमिनी लाटल्याची प्रकरणे इतकी वाढली, की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी खास तपास पथक नेमावे लागले. म्हणून असे भाषांतर फक्त अंदाजापुरते वापरा. विक्रीपत्रावर सही करण्याआधी मूळ दस्ताची प्रमाणित नक्कल काढा आणि ती पोर्तुगीज वाचणाऱ्या जाणकाराकडून ओळीन्‌ओळ तपासून घ्या.