मॅमथ का संपले? या चुका टाळा, आधी तारीख बघा

मोठे प्रागैतिहासिक सस्तन प्राणी का संपले यावर कुणीही काही लिहिलं तरी त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

मॅमथ (हिमयुगातला केसाळ हत्ती) आणि डायनासोर एकाच चित्रात. मधे साडेसहा कोटी वर्षं गेलीत हो! उल्का, दख्खनचे ज्वालामुखी वगैरे डायनासोरांच्या अंताचं, ते इकडे आणू नका.

"हिमयुग संपलं, गरम झालं, मेले." ही तर लोकांना पाठच झालीय. एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो, थर्माकोलचा मॅमथ, कापसाचा बर्फ, आणि पोरगी घडाघडा म्हणतेय की अंगावर एवढे केस, उकाडा सहन झाला नाही. मी विचारलं, अगं सव्वा लाख वर्षांपूर्वी पण असाच गरम काळ येऊन गेला, तेव्हा कसे जगले मग? लगेच तिचे सर मधे पडले, "एवढं खोलात नका ना जाऊ." पण पोरीला बरोबर कळलं होतं, ती मलाच म्हणते, "मग या वेळी वेगळं काय होतं?" हाच तर प्रश्न आहे! या वेळी भाले घेतलेली आपल्यासारखी माणसं पण तिथवर पोचली होती. आणि ऑस्ट्रेलियातला डिप्रोटोडॉन, गेंड्याएवढा पिशवीवाला प्राणी, तो तर 40 हजार वर्षांपूर्वीच गेला, हिमयुगाचा सगळ्यात गार टप्पा यायच्या कितीतरी आधी.

"म्हणजे माणसानेच मारले." एवढं कळलं की उतावळी मंडळी थेट दुसऱ्या टोकाला. अलास्काजवळच्या सेंट पॉल बेटावर माणूस नव्हताच, तरी साधारण 5600 वर्षांपूर्वी तिथले मॅमथ संपले, समुद्र वर आला, बेट आक्रसलं, गोड्या पाण्याचं तळं आटत गेलं. सायबेरियाच्या उत्तरेला रँगेल बेटावर मात्र ते 4000 वर्षांपूर्वीपर्यंत होते, म्हणजे गिझाचा पिरॅमिड उभा राहिल्यावरसुद्धा.

"हाडांवर भाल्याच्या खुणा कुठेत एवढ्या?" कत्तल लागतच नाही. हत्तीण 22 महिने गाभण राहते, पिल्लू बहुतेक एकच, मॅमथचं पण तसंच संथ असणार. जन्मापेक्षा थोडी जास्त शिकार शेकडो वर्षं होत राहिली की कळप संपतो, त्यात हवामानाने कुरणं आक्रसली असतील तर आणखी लवकर.

सापडलेलं शेवटचं हाड म्हणजे शेवटचा प्राणी. नाही, त्यानंतरही काही जगले असतील, त्यांची हाडं सापडली नाहीत एवढंच.

भारत विसरणे. गोदावरी-मांजराच्या खोऱ्यात पाणघोड्यांचे जीवाश्म मिळतात. कुठायत आज पाणघोडे इथे?

माझी सवय सांगतो, कागदावर रकाने पाडायचे: प्राणी, जागा, शेवटचा पुरावा कधीचा, माणूस तिथे कधी पोचला, तेव्हा हवामान काय. ते भरेपर्यंत "का" लिहायचंच नाही. एआयला एक ओळ विचारून पेस्ट करणाऱ्यांना हा कंटाळवाणा उद्योग वाटतो, वाटू दे, पण मग कमेंटमधे कुणी तारीख विचारली तर माझ्याकडे धावत येऊ नका.