विजेच्या प्रदूषणाची आकडेवारी शोधताय? या चुका टाळा

माझ्या मामीचं घर पंचगंगेकाठच्या एका गावात आहे. फेब्रुवारीत तिनं गच्चीवर सांडगे वाळत घातले आणि दुपारी बघते तर एकेका सांडग्यावर काळी कुसळं बसलेली. चिमटीत धरली की भुगा व्हायचा आणि बोट काळं. उसाच्या चिपाडाची राख ती, गावात लहान पोरालाही ओळखू येते. मामीनं मला फोन करून एवढंच विचारलं, "व्हय रं, ह्येचं मोजमाप कुणी ठेवतंय का न्हाई?"

ठेवतात. कायद्यानं ठेवावंच लागतं, आणि त्यातलं बरंचसं कुणालाही बघता येतं. पण ते आपण शोधतो त्या नावाखाली आणि त्या ठिकाणी नसतं. मी स्वतः यात बरेच महिने घालवले, नंतर कॉलेजच्या मुलांबरोबर बसून पुन्हा शोधलं. माणसं त्याच त्या ठिकाणी अडकतात, म्हणून हे लिहितोय.

बिल ज्यांचं येतं त्यांच्याकडंच धुराचा हिशेब मागणं

बिलावर महावितरणचं नाव असतं, म्हणून माणूस पहिल्यांदा तिथंच जातो. २००५ साली राज्य वीज मंडळाचं विभाजन झालं आणि तीन कामं तीन कंपन्यांकडं गेली. वीज तयार करते महानिर्मिती, वाहून आणते महापारेषण आणि घरोघरी पोचवते महावितरण. महावितरणकडं चिमणीच नाही. तिथं धुराची माहिती मागितली तर "उपलब्ध नाही" असं उत्तर येणार, आणि ते खरंही असतं.

म्हणून वितरणातून कचराच निघत नाही असं मात्र समजू नका. रोहित्रातलं (ट्रान्सफॉर्मरमधलं) जुनं तेल हा घातक कचरा आहे. उपकेंद्रांतल्या बॅटऱ्यांनाही २०२२ चे स्वतंत्र नियम लागू आहेत. काही जुन्या उपकरणांच्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन असायचं. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवायचा, असा केंद्र सरकारचा २०१६ चा आदेश होता. घातक कचरा निर्माण करणाऱ्यानं नमुना ४ मध्ये वार्षिक विवरण भरायचं असतं, दरवर्षी ३० जूनपर्यंत, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. तेव्हा वितरणाबाबत विचारायचं असेल तर तेलाचं विचारा, आणि मंडळाला विचारा.

"आपली वीज कोयनेची, आपल्याला कुठलं प्रदूषण?"

हे वाक्य कोल्हापुरात मी इतक्यांदा ऐकलंय की आता लगेच वही काढतो. कोयना आपल्या शेजारी आहे, राधानगरीही आहे, त्यामुळं तसं वाटणं साहजिक आहे. पण वीज एकदा ग्रीडमध्ये, म्हणजे सगळ्या केंद्रांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्यात गेली की कुठली कुठं गेली हे वेगळं काढता येत नाही. त्याच ग्रीडला चंद्रपूरचं २९२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र जोडलेलं आहे. कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस आणि नाशिकचं एकलहरेही जोडलेलं आहे. सह्याद्रीच्या पलीकडं रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला १२०० मेगावॅटचं खासगी केंद्र आहे, तेही कोळशावरचंच.

केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रीडच्या कार्बन डायऑक्साइडची आकडेवारी प्रसिद्ध करतं. देशाची सरासरी युनिटमागं साधारण ०.७ किलो धरा. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या घराच्या वाट्याला सुमारे १४० किलो येतो. त्याच्यासोबतचा धूर कोल्हापूरच्या राजारामपुरीत दिसत नाही, चंद्रपुरात दिसतो. म्हणून कोल्हापूरकरानं चंद्रपूरची कागदपत्रं वाचणं हे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं आहे, असं मला वाटत नाही. ती वीज आपणही जाळतो.

जवळच्या चिमणीला "वीज" या सदरात शोधणं

इथं सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. कोल्हापूर जिल्ह्यात कोळशाचं मोठं औष्णिक केंद्र नाही. पण साखर कारखान्यांची सहवीजनिर्मिती आहे. चिपाड जाळून वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं, कारखान्याला लागेल तेवढी वीज ठेवून उरलेली ग्रीडला विकायची. म्हणजे मामीच्या सांडग्यांवर पडलेली राख हीदेखील वीजनिर्मितीचीच. पण सरकारी यादीत "औष्णिक वीज" या सदरात असा कारखाना सापडणार नाही. तो "साखर" या सदरात असतो, आणि मद्यार्काची आसवनी जोडलेली असेल तर तिची नोंद वेगळी.

सदर बदललं की नियमही बदलतात. राखेच्या वापराची केंद्र सरकारची अधिसूचना फक्त कोळसा आणि लिग्नाइट (हलका कोळसा) जाळणाऱ्या वीज केंद्रांना लागू आहे. चिपाडाची राख त्यात मोजली जात नाही, त्यामुळं देशाच्या राख अहवालात आपला कारखाना शोधत बसू नका. साखर कारखान्यांची मानकं २०१६ च्या अधिसूचनेत आहेत. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांची मर्यादा त्यात घनमीटरला १५० मिलिग्रॅम आहे. कोळशाच्या केंद्रांची मर्यादा केंद्र कधी उभं राहिलं त्यावर ठरते. २००३ अखेरपर्यंतच्या संचांना १००, २००४ ते २०१६ मधल्यांना ५० आणि त्यानंतरच्यांना ३०. हे ७ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेतलं. त्याच अधिसूचनेत गंधकाच्या वायूची मर्यादाही होती, पण जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बहुतांश वीज केंद्रांना तिच्यातून सूट दिली. जुना लेख वाचून आज कुणाला जाब विचारायला जाल तर तोंडघशी पडाल. मानक कोणत्या तारखेचं आहे ते आधी बघा.

आणखी एक. कारखाना वर्षभर चालत नाही. धुराडं दसरा-दिवाळीच्या आसपास पेटतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. बारा महिन्यांची सरासरी घेतली तर पावसाळ्याची स्वच्छ हवा हंगामाच्या राखेवर पांघरूण घालते. माहिती मागताना गळीत हंगामाच्याच तारखा द्या.

मर्यादेचा आकडा मोजलेला आकडा समजणं

ही चूक मी स्वतः केली आहे. एका कारखान्याला मंडळानं दिलेलं संमतीपत्र हाती लागलं. त्यात चिमणीची उंची, बॉयलरची क्षमता, इंधन कोणतं आणि दिवसाला किती, राख किती टन निघणार, ती कुठं टाकणार, घातक कचरा कुठल्या प्रकारचा, हे सगळं एका तक्त्यात होतं. शेवटच्या रकान्यात धूलिकणांपुढं १५० लिहिलं होतं. मी तो आकडा उतरवून घेतला आणि एका सभेत "इथं १५० निघतात" असं सांगून मोकळा झालो. तिथल्याच एका निवृत्त बॉयलर अटेंडंट काकांनी सभा संपल्यावर मला बाजूला घेतलं. "बाळ, ते त्यांनी किती सोडायचं त्याची रेघ आहे. सोडलं किती, त्याचा कागद येगळा."

काकांचं बोलणं अगदी बरोबर होतं. संमतीपत्र म्हणजे परवानगी. प्रत्यक्ष काय घडलं ते चिमणी तपासणीच्या अहवालात असतं, आणि वर्षाचा गोषवारा पर्यावरण विवरणपत्रात, म्हणजे नमुना ५ मध्ये. तो दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाला द्यावा लागतो. पाणी किती वापरलं, प्रदूषक किती सोडले, घन कचरा किती निघाला हे त्यात कारखान्याच्याच शब्दांत असतं. ज्यांना पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते त्यांचे सहामाही अनुपालन अहवालही असतात, १ जून आणि १ डिसेंबरला देय. साखर कारखान्यात दिवसाला ५००० टन किंवा त्याहून जास्त गाळप असेल तर ही मंजुरी लागते. मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर बघता येतात. तिथं आणि मंडळाच्या संकेतस्थळावरही शोध इंग्रजी नावानंच घ्या. एका स्पेलिंगनं सापडलं नाही तर दुसरं वापरून बघा, कारण जुन्या नोंदी जुन्याच नावानं असतात.

तरीही संमतीपत्र आधी वाचायलाच हवं. पुढं काय मागायचं ते त्यातूनच कळतं. तपासणी किती महिन्यांनी करायची, चिमणीला कायमचं मोजणी यंत्र बसवायचं आहे का, राख उघडी ठेवायची की झाकून न्यायची, या अटी तिथंच असतात. तपासणी अहवाल मिळाला की त्यातली तारीख आणि त्या दिवशी बॉयलर किती भारावर चालू होता, हे दोन रकाने आधी बघा. अर्ध्या भारावर घेतलेला नमुना पूर्ण हंगामाची साक्ष देऊ शकत नाही.

माहिती अधिकारात "सर्व माहिती द्यावी" असं लिहिणं

माझ्या पहिल्या अर्जात हेच वाक्य होतं, "प्रदूषणाबाबतची सर्व माहिती मिळावी." महिन्याभरानं उत्तर आलं की मागणी मोघम आहे. मला राग आला होता. पण आज तो अर्ज वाचला तर त्यात कागदाचं नाव नाही, तारीख नाही, काहीच नाही.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणं अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये. ऑनलाइनही करता येतो. आपल्याकडं प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय जिल्हाधिकारी कार्यालयाजवळ उद्योग भवनात आहे. मी आता असं लिहितो: "अमुक कारखान्याच्या बॉयलरच्या चिमणीचे १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळातील तपासणी अहवाल, सध्याचे संमतीपत्र आणि मागील वर्षाचा नमुना ५, यांच्या प्रती मिळाव्यात." तीन कागद, एक काळ, एक चिमणी. "का", "कारवाई का नाही", "जबाबदार कोण" असे प्रश्न अर्जात घालू नका. या कायद्यानं नोंदी मिळतात, खुलासे मिळत नाहीत. कारवाईचं विचारायचं असेल तर बजावलेल्या नोटिसांच्या प्रती मागा.

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी घाबरू नका, पाच दिवसांत तो योग्य ठिकाणी वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. बरेच जण इथंच थकून सोडून देतात. आणि फाइल मोठी असेल तर प्रती मागण्याऐवजी प्रत्यक्ष पाहणी मागा. दोन तास बसून फाइल चाळली की नेमकी कोणती पानं हवीत ते कळतं.

राखेची टक्केवारी बघून समाधान मानणं

कोळशाच्या केंद्रांच्या राखेचा अहवाल केंद्रीय विद्युत प्राधिकरण काढतं. त्यात केंद्रानुसार किती राख निघाली आणि किती वापरली ते असतं. काही केंद्रांपुढं १०० च्या वरचा आकडा दिसतो आणि मुलं विचारतात, निघाली त्याहून जास्त वापरली कशी? केंद्राच्या राखेच्या तळ्यात साठलेली जुनी राखही उपसून वापरली जाते, ती त्यात धरलेली असते. उलट, वर्षाचे १०० टक्के झाले म्हणून तळं रिकामं झालं असंही नसतं. जुना साठा वेगळ्या रकान्यात असतो, तो शोधा.

"वापर" या शब्दातही बरंच काही बसतं. सिमेंटमध्ये गेलेली राख आणि खोलगट जमिनीत भरलेली राख, दोन्ही वापरच. विहिरीच्या पाण्याला या दोन्हींत फरक पडतो. आणि कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा जुलै २०२२ मध्ये फुटला, राख शेतांत आणि नदीत गेली, हे टक्केवारीच्या रकान्यात कुठंच दिसत नाही. अशा घटनांसाठी राष्ट्रीय हरित लवादाचे, म्हणजे पर्यावरणाचे खटले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाचे आदेश आणि तिथं दाखल झालेले पाहणी अहवाल वाचावे लागतात.

एककांचं थोडक्यात. चिमणीतला आकडा मिलिग्रॅममध्ये आणि गावाच्या हवेतला मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीचा फरक. कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या हवेच्या नोंदीवरून कुठल्या चिमणीतून काय निघालं ते ठरवता येत नाही, तिथं गाड्याही आहेत आणि धूळही. एक मिलियन टन म्हणजे दहा लाख टन. आणि वर्ष बहुतेक वेळा एप्रिल ते मार्च असतं.

मंडळानं २०१७ मध्ये उद्योगांना एक ते पाच तारे देण्याचा उपक्रम सुरू केला. ते तारे चिमणीतल्या धूलिकणांवरून ठरतात. पाच तारे मिळालेल्या कारखान्याचं सांडपाणीही चांगलंच असेल असं त्यातून निघत नाही. पंचगंगेकाठी राहणाऱ्यानं हे विसरून चालणार नाही.

पडद्यावरचा चालू आकडा बघून निष्कर्ष काढणं

मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना सतत मोजणारी यंत्रं बसवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१४ मध्ये सांगितलं आणि ही माहिती लोकांना दिसली पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये बजावलं. पण पडद्यावर शून्य दिसलं तर धूर शून्य होता असं धरू नका. संच बंद असेल, यंत्र दुरुस्तीला असेल किंवा जोडणी तुटली असेल. त्या वेळी वीजनिर्मिती चालू होती का ते पडताळा. दिसलं त्याच क्षणी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घ्या, उद्या तोच आकडा तिथं असेलच असं नाही.

मामीनं आता भिंतीवरच्या कालदर्शिकेवर राख पडलेल्या दिवसांना पेन्सिलनं गोल करायला सुरुवात केली आहे. सकाळी पडली की दुपारी, आणि वारा कुठून होता, तेही शेजारी लिहिते. फेब्रुवारीचे नऊ गोल झाले. पुढच्या अर्जात मी त्याच नऊ तारखांच्या बॉयलरच्या नोंदी मागितल्या आहेत.